पेशींमधील अवकाश : उभयचर भ्रूणशास्त्रातील एक प्रकरण

भ्रूणातील ऊती आपापल्या जागी का व कशा जातात, याचे उत्तर पेशींच्या अंगी शोधावयाचे की त्यांच्यामधील अवकाशात, याविषयीचे मत उभयचर भ्रूणांच्या अभ्यासात हळूहळू पालटत गेले.

योहानेस होल्टफ्रेटर यांनी १९३९ मध्ये 'ऊती-आसक्ती'ची कल्पना मांडली. फिलिप टाउन्स यांच्यासह केलेल्या आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी ती दृढ झाली. भ्रूणाचे तुकडे अल्कधर्मी द्रावणात ठेविले असता पेशी सुट्या होतात. तिन्ही स्तरांच्या पेशी मिसळून द्रावण पूर्ववत केले, म्हणजे प्रथम त्यांचा सरमिसळ गोळा बनतो आणि मग निवड सुरू होते : बाह्यस्तर पृष्ठभागी येतो, अंतःस्तर आत जातो आणि मध्यस्तर दोहोंमध्ये स्थिरावतो. १९६३ मध्ये माल्कम स्टाइनबर्ग यांनी पेशींच्या आसंजनबलातील कमीअधिकपणावरून याची उपपत्ती लाविली.

या प्रयोगांचे मोल निर्विवाद आहे; तथापि पेशी सुट्या करताना त्यांच्याभोवतालच्या आधारद्रव्याची मूळ मांडणीच मोडते. जे आरंभीच मोडले, त्याचे कार्य त्या प्रयोगातून उमगावे कसे? होल्टफ्रेटर पेशीबाह्य द्रव्याविषयी उदासीन होते, असे मात्र नव्हे. भ्रूणावरील 'पृष्ठावरण' पेशींना बांधून ठेविते व त्यांच्या अंतर्गमनास साहाय्य करते, असे त्यांनी १९४३ मध्येच प्रतिपादिले होते. परंतु त्यांची दृष्टी भ्रूणाच्या बाह्य पृष्ठाकडे होती. पुढे महत्त्वाचे ठरलेले तंतुजाल आतल्या बाजूस, कोरकगुहेच्या छतावर, निघाले.

नोरिओ नाकात्सुजी व कर्ट जॉन्सन यांनी १९८३ मध्ये सॅलमँडरच्या गॅस्ट्रुला अवस्थेतील बाह्यस्तराचा तुकडा काही काळ काचेवर ठेवून काढून घेतला. मागे राहिलेल्या तंतूंवर मध्यस्तराच्या पेशी चिकटल्या आणि ठराविक दिशेने सरकू लागल्या. म्हणजे मार्गाची खूण पेशीत नव्हे, तर तिच्या वाटेवर होती. १९८४ मध्ये झाँ-क्लोद बूको व त्यांचे सहकारी यांनी प्लुरोडेलीस या न्यूटच्या कोरकगुहेत फायब्रोनेक्टिनविरोधी प्रतिपिंडे टोचली; मध्यस्तराचे स्थलांतर थांबले व बाह्यस्तरास घड्या पडल्या. तेच द्रव्य गॅस्ट्रुला अवस्था संपल्यावर टोचले असता मज्जानलिका मात्र नेहमीप्रमाणे घडली.

न्यूटमधील हा निष्कर्ष सर्व उभयचरांस लावणे घाईचे ठरले असते. झेनोपस बेडकात फायब्रोनेक्टिनशी पेशींचा संबंध तोडला तरी मध्यस्तराची हालचाल पूर्णपणे थांबत नाही. तेथे पेशी परस्परांमध्ये शिरून ऊती लांबविण्याची क्रिया बराच भार उचलते.