चाके बदलली, सायकल तीच राहिली

पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांचा इतिहास सांगताना देवगडचे गोंड राजे येतात, नागपूरकर भोसले येतात, १८५४ साली खालसा झालेले राज्य येते, १९५६ ची राज्यपुनर्रचना येते आणि आता २०२३ मध्ये झालेला स्वतंत्र पांढुर्णा जिल्हाही येतो. मात्र ज्या वाहनावरून इथला मास्तर शाळेत गेला, पटवारी शिवारात गेला आणि गवळी दुधाचे कॅन घेऊन गावात आला, त्या सायकलीला या इतिहासात एखादी ओळही मिळत नाही. आपल्या जुन्या घराण्यांत तिची आठवण निघते तेव्हा बोलणे हँडलखालच्या बिल्ल्यापाशी थांबते. कुणाकडे 'रॅले' होती, कुणाकडे 'हर्क्युलस', कुणाकडे 'हंबर'. आमचे म्हणणे असे की, सायकलीचा खरा इतिहास त्या बिल्ल्यात नसून तिच्या चाकांत आहे. सांगाडा आजोबांपासून नातवापर्यंत तोच राहतो. चाके मात्र पिढीगणिक बदलतात, आणि ती कशी बदलली यावरून इथल्या जमिनीने काय मागितले व इथल्या कारागिरांना काय येत होते हे कळते.

सायकल आली तेव्हा चाक आपल्याला नवे नव्हते. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांवरचे पुठ्ठे आणि त्या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव हे शब्द घराघरांत ठाऊक होते. धाव तापवून चढवायची आणि पाणी ओतून आवळायची, ही लोहाराची विद्या पाहायला गाव जमत असे. सायकलीच्या चाकाने मात्र या विद्येचा मूळ नियमच उलटा केला. गाडीच्या चाकात तुंब्याखालचा लाकडी आरा खांबासारखा उभा राहून भार सोसतो. सायकलीची तार खांबाचे काम करू शकत नाही. दाबली की ती वाकते. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवाव्या लागतात. भार आला की जमिनीकडच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, पण संपत नाही. तो संपला की चाक डोलू लागते. चाकाचे बळ अशा रीतीने तारेच्या जाडीपेक्षा तिच्या ताणात असते. या तारा हबला तिरप्या, एकमेकींवरून फुली घालीत बसवण्याची पद्धत इंग्लंडात जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये आणली, आणि त्यांचा पुतण्या जॉन केंप स्टार्ली याने १८८५ मध्ये 'रोव्हर' ही दोन सारख्या चाकांची सायकल बाजारात आणली. आपल्या काळ्या सायकलीचे कूळ तिथपर्यंत जाते.

मराठी मुलखात या वाहनाची एक मोठी नोंद १८८८ सालची आहे. त्या वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीचे दुकान काढले. पुढचा सारा किर्लोस्कर उद्योग त्या दुकानातून वाढला. योगायोग असा की, बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले तेही १८८८ सालीच. रॉबर्ट थॉमसन यांनी अशी कल्पना १८४५ मध्येच मांडली होती, पण ती चालली नाही. डनलॉप यांची चालली, आणि भरीव रबराचे हाडे खिळखिळी करणारे चाक मागे पडले. सायकलीच्या चाकांत झालेली ही पहिली मोठी सुधारणा. बेळगावप्रमाणे आपणही मराठीच्या सीमेवरची माणसे आहोत. सीमेवरच्या एका गावात मराठी उद्योगाचा आरंभ सायकलीच्या दुकानाने झाला, हे आपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या भागात जी सायकल रुजली तिला गिअर नव्हते. पुढे बहुधा ४४ दात्यांचे चक्र, मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील आणि २८ इंची चाक. एका पायडलफेरीत अशी सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सौंसरच्या सखल भागात आणि जाम नदीच्या काठाने हे प्रमाण नेमके बसते. सिल्लेवानीच्या घाटात मात्र ते चालत नाही. तिथे उतरून सायकल हाताने ढकलायची, हा सर्वांनी मान्य केलेला नियम होता. चढ पायी चढता येत असल्यामुळे गिअरची निकड भासली नाही. निकड होती ती वेगळीच. पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये असा घट्ट बसे की चाक जागचे हलत नसे. म्हणून कित्येक जण आषाढ लागला की मडगार्डच काढून ठेवीत. उन्हाळ्यात बाभळीचे काटे असत. त्यांच्यासाठी टायरच्या आत जुन्या टायरची पट्टी घातली जाई. वर संत्र्यांच्या करंड्या, कापसाची गाठोडी, दुधाचे कॅन यांचा भार होताच. आपल्या माणसाने गतीपेक्षा चाकाच्या मजबुतीवर पैसा खर्च केला, याचे कारण या तीन गोष्टींत आहे.

इंग्लिश पद्धतीच्या या सायकलीला पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० आरे असतात. भार मागे पडतो, म्हणून मागे जास्त, इतका साधा हिशेब. पुढे जगात दोन्हीकडे ३६ आऱ्यांची रीत सर्वमान्य झाली. एकूण बेरीज दोहोंची ७२ च. आपल्याकडच्या कारखान्यांनी मात्र जुना हिशेब सोडला नाही. शिवाय एका दातेरी चक्राच्या मागच्या चाकाला एक जन्मजात लाभ असतो. फ्रीव्हील अरुंद असल्याने रीम हबच्या जवळजवळ मध्यावर बसते आणि डाव्या-उजव्या आऱ्यांना सारखा ताण देता येतो. सात-आठ चक्रांच्या सायकलीत उजवे आरे फार ताठ आणि डावे सैल राहतात. गिअर नसणे हे मागासलेपण मानले गेले, पण चाकाच्या दृष्टीने तीच तिची शक्ती होती.

ही शक्ती टिकवणारा माणूस म्हणजे रस्त्याकडेचा मिस्त्री. सायकल उलटी करून, चाक फिरवून, रिमेशी खडू धरून तो 'आउट' काढीत असे. खडू जिथे लागे तिथले एका बाजूचे निपल अर्धा फेरा आवळायचे आणि दुसऱ्या बाजूचे सैल करायचे. आरा सहसा हबजवळच्या वळणावर तुटतो, आणि पुष्कळदा तो सैल राहिल्यामुळेच तुटतो. हे ज्ञान आपल्या मिस्त्रींच्या बोटांत होते. तार छेडून तिच्या आवाजावरून ताण ओळखणारे कारागीर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहेत.

सुटे भाग मिळण्याचाही एक इतिहास आहे. आधी सायकली नॉटिंगहॅम आणि बर्मिंगहॅमहून येत. १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंजला डनलॉपचा टायर कारखाना सुरू झाला. १९४२ मध्ये मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती गेले, रबर दुर्मीळ झाले आणि ठिगळांवर ठिगळे लावून ट्यूब चालवण्याची सवय जडली. स्वातंत्र्यानंतर मद्रासेत टी.आय. सायकल्स १९४९ मध्ये, सोनीपतला अ‍ॅटलस १९५१ मध्ये आणि लुधियान्यात हीरो १९५६ मध्ये उभी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. कार्यालयाची भाषा बदलली, शाळेची बदलली. रीम, छर्रे आणि फ्रीव्हील मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच मापाचे मिळत राहिले, आणि सावनेरचा मिस्त्री जे बोले तेच सौंसरचा बोले.

आता आजची गोष्ट. घरातली जुनी सायकल दुरुस्त करून चालवण्याची हौस तरुणांत दिसते, आणि पहिला विचार हलक्या अ‍ॅल्युमिनियम चाकांचा येतो. त्यात तथ्य आहे. हलक्या रिमेने सायकल उभ्या जागेवरून लवकर वेग घेते. त्याहून मोठा लाभ ब्रेकचा आहे. क्रोम चढवलेल्या लोखंडी रिमेवर पाणी पडले की रबरी गुटका घसरतो; अ‍ॅल्युमिनियमवर तो पुष्कळच चांगला धरतो. पण मापे पाहिल्याशिवाय पैसे घालू नयेत. २८ इंची जुन्या टायरच्या बैठकीचा व्यास ६३५ मिलिमीटर आहे, नव्या ७०० मापाच्या चाकाचा ६२२. रीम प्रत्येक बाजूने साडेसहा मिलिमीटर आत जाते. जुन्या सळईच्या ब्रेकचे गुटके रिमेला आतून वर ओढले जातात. नव्या सपाट बाजूच्या रिमेला ते धरीतच नाहीत, म्हणजे ब्रेकही बदलावे लागतात. ४० छिद्रांच्या हबला ३६ छिद्रांची रीम बसत नाही. बंद बेअरिंगचा हब गुळगुळीत फिरतो खरा, पण तो बिघडला की दाबयंत्र लागते. छर्ऱ्यांचा हब दोन पान्यांनी झाडाखाली उघडता येतो.

म्हणून आमचे मत असे : जी सुधारणा गावातल्या मिस्त्रीला दुरुस्त करता येत नाही, तिला आपल्या भागात सुधारणा म्हणू नये. ६३५ चेच माप ठेवावे, मागच्या चाकाला चांगल्या पोलादाचे नवे ४० आरे घालून ते ताणून घ्यावे, छर्रे व ग्रीस बदलावे आणि टायर जाड घ्यावा. त्या मापाची अ‍ॅल्युमिनियम रीम मिळाली तर उत्तमच, मात्र तिच्याबरोबर ब्रेक बदलण्याची तयारी हवी.

काढलेले चाक तरी वाया कुठे जाते? जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीच्या गोपाळ भिसे यांनी सायकलीच्या पुढच्या चाकाला पास जोडून हाताने ढकलायचे कोळपे तयार केले, आणि बैल परवडत नाहीत अशा शेतकऱ्याची सोय झाली. विदर्भात त्यालाच सायकल डवरा म्हणतात. रस्त्यासाठी बनलेले चाक अशा रीतीने कपाशीच्या ओळीत उतरले. आरे काढलेली रीम काठीने पळवत नेणारी मुले तर प्रत्येक गावाने पाहिली आहेत.

अ‍ॅटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. आरे विणणारे हातही दरवर्षी कमी होत आहेत, कारण तयार चाक विकत घेणे सोपे झाले आहे. सांगाडे आपल्या घरांत टिकतील. लोखंड सहज मरत नाही. जाईल ती चाक बांधण्याची विद्या आणि तिच्याबरोबरचे शब्द. आपल्या मंडळाच्या सभासदांनी आपापल्या गावच्या वृद्ध मिस्त्रींकडे जाऊन एक चाक आपल्यासमोर विणून घ्यावे, कोणता आरा आधी आणि कोणती फुली नंतर हे लिहून ठेवावे, आणि त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे टिपून घ्यावेत. बखरी आणि कागदपत्रे जपण्याची परंपरा आपल्या घराण्यांना आहेच. त्याच दप्तरात या वह्यांनाही जागा मिळावी.