फ्रिजमधला वायू आणि माँट्रियलचा करार

संक्रांतीच्या कार्यक्रमात चहा घेताना एका काकांनी मला विचारले, "देशादेशांचे करार कधी कोणी पाळतं का रे?" मी पडलो रसायनशास्त्राचा माणूस, तेव्हा उदाहरणही त्यातलेच देतो.

फ्रिजमध्ये आणि स्प्रेच्या डब्यांत वापरले जाणारे सीएफसी वायू वर जाऊन ओझोनचा नाश करतात, असे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली मांडले. उत्पादकांना ते पटायला बरीच वर्षे लागली. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरची ओझोनची घट प्रसिद्ध केली आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलला करार झाला.

भारत आणि चीन मात्र बाहेर थांबले. त्यांचे म्हणणे सरळ होते: आजवर वायू सोडले श्रीमंतांनी, आता आमच्याकडे घरोघरी फ्रिज येऊ लागल्यावर महागडे तंत्रज्ञान आम्ही का विकत घ्यायचे? (माझ्या मते हा हट्ट नव्हता, हिशेब होता.) विकसनशील देशांना दहा वर्षांची जादा मुदत होतीच, १९९० मध्ये लंडनला श्रीमंत देशांच्या पैशांतून निधी उभारायचेही ठरले. चीन १९९१ मध्ये आला, भारत १९९२ मध्ये. शिवाय बाहेर राहणाऱ्यांशी या वायूंचा व्यापार बंद, अशी मेखही करारात होतीच! म्हणजे चांगुलपणा थोडा, गरज आणि धाक जास्त.

पुढे जगातल्या सर्व देशांनी सह्या केल्या. सीएफसी-१२ हवेत शंभरेक वर्षे टिकतो. त्यामुळे अंटार्क्टिकावरचा थर पूर्ववत व्हायला २०६६ उजाडेल, असा शास्त्रज्ञांचा २०२२ सालचा अंदाज आहे.