‘आहे’ आणि ‘नांदते’

शासकीय ठरावाच्या मसुद्यात एक क्रियापद बदलले की कज्जे उभे राहतात, हे कचेरीत आयुष्य घालविलेल्यांना सांगावे लागत नाही. कॅथलिक चर्चमध्ये अशाच एका लॅटिन क्रियापदावरून साठ वर्षे वाद चालला आहे.

पोप पायस बारावे यांनी २९ जून १९४३ रोजी काढलेल्या ‘मिस्तिची कॉर्पोरिस’ या धर्मपत्रात, ख्रिस्ताचे खरे चर्च म्हणजे रोमन कॅथलिक चर्चच, असे निःसंदिग्धपणे सांगितले होते. १९५० साली त्यांनीच ते पुन्हा बजावले. त्यानंतर दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि २१ नोव्हेंबर १९६४ रोजी तिने ‘लुमेन जेन्तियुम’ हा चर्चविषयक दस्तऐवज घोषित केला. आधीच्या मसुद्यातील ‘एस्त’, म्हणजे ‘आहे’, जाऊन आठव्या कलमात ‘सुब्सिस्तित इन’ आले. ख्रिस्ताचे चर्च कॅथलिक चर्चमध्ये ‘नांदते’, असा त्याचा स्थूल अर्थ. त्या चौकटीबाहेरही पावित्र्याचे व सत्याचे अनेक अंश आढळतात, अशी पुस्तीही जोडली गेली.

परंपरावाद्यांनी बोट ठेवले ते येथेच. फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन केलेला संत पायस दहावे संघ त्यांत अग्रणी. त्यांचा मुद्दा सोप्या शब्दांत असा : घर वेगळे आणि घरात नांदणारा वेगळा. दोहोंत एवढी फट पडली, तर दुरावलेल्यांनी रोमकडे परतावे हा आग्रह कशाच्या बळावर धरायचा? मला हा आक्षेप पोकळ वाटत नाही. तर्क पक्का आहे. फक्त तो शब्दाच्या जन्मकथेशी जुळत नाही.

ही जन्मकथा मोठी गमतीची आहे. १९६३ च्या नोव्हेंबरात मसुदा समितीपुढे ‘आदेस्त’, म्हणजे ‘उपस्थित आहे’, असा बराच सैल शब्द होता. त्याऐवजी ‘सुब्सिस्तित’ सुचविले ते सेबास्तियान ट्रॉम्प या डच जेझुइटांनी, असे समितीच्या नोंदी तपासणाऱ्या संशोधनातून पुढे आले. ट्रॉम्प कोण? १९४३ च्या त्या धर्मपत्राच्या लेखनात ज्यांचा मोठा हात होता तेच! म्हणजे ज्या शब्दाला सैल म्हणून दूषण मिळाले, तो सुचविणाऱ्याने गाठ घट्ट बांधण्यासाठी घेतला होता. पण मसुदा एकदा मंजूर झाला की लिहिणाऱ्याचा हेतू कोण विचारतो?

लफेव्र यांनी ३० जून १९८८ रोजी पोपच्या परवानगीविना चार बिशप नेमले आणि बहिष्कार ओढवून घेतला. त्या चौघांवरील बहिष्कार २००९ साली उठला. तत्पूर्वी २००७ मध्ये रोमच्या सिद्धान्तविषयक कार्यालयाने खुलासा केला, की नव्या शब्दाने जुनी शिकवण बदललेली नाही. संघाचा त्यावर प्रतिप्रश्न सरळ होता : शिकवण तीच, तर शब्द बदलला कशाला?