पंचशील : शब्द, करार आणि शासकीय दप्तर

परराष्ट्र धोरणाविषयी बाबासाहेबांचे मत काय होते, असा प्रश्न आपल्या अभ्यासवर्गांतून वरचेवर विचारला जातो. उत्तरादाखल राज्यसभेतील २६ ऑगस्ट १९५४ च्या भाषणातील एखादे वाक्य सांगितले जाते, आणि तेही बहुधा ऐकीव. ते वाक्य कशाच्या संदर्भात आले, ज्या करारावर टीका झाली त्यात प्रत्यक्ष काय लिहिले होते, सभागृहाला त्या दिवशी काय ठाऊक होते व काय नव्हते, हे प्रश्न मागेच राहतात. पूर्वी याला सबळ कारण होते. संसदेची कार्यवृत्ते, तहांचे मूळ मसुदे, मंत्रालयाच्या श्वेतपत्रिका हे सारे मोठ्या शहरांतील निवडक ग्रंथालयांतच पाहावयास मिळे. आज यांपैकी बहुतेक कागदपत्रे संगणकावर विनामूल्य वाचता येतात. तेव्हा ही कागदपत्रे कोठे आहेत व ती वाचल्याने काय हाती लागते, हे या एका भाषणाच्या निमित्ताने पाहावे, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम करार. २९ एप्रिल १९५४ रोजी पेकिंग येथे भारत व चीन यांच्यात तो झाला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेच्या १०२ व्या कलमानुसार सदस्य राष्ट्रांना आपले तह संघाकडे नोंदवावे लागतात. हा करार संघाच्या तहमालिकेच्या २९९ व्या खंडात ४३०७ या क्रमांकाने छापलेला आहे आणि संघाच्या तहसंग्रहातून तो पाहता येतो. शोध घेणाऱ्याची पहिली निराशा येथेच होते. कारण ‘पंचशील’ हा शब्द करारात कोठेही नाही. शीर्षकात केवळ चीनचा तिबेट प्रदेश व भारत यांमधील व्यापार आणि दळणवळण यांचा उल्लेख आहे. पाच तत्त्वे येतात ती प्रस्तावनेत. पुढील कलमे व्यापारी ठाणी, घाटरस्ते व यात्रेकरू यांविषयी आहेत. तिसऱ्या कलमाकडे आमच्या वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे. तिबेटातील लामापंथी व बौद्ध यात्रेकरूंना बनारस, सारनाथ, गया आणि सांची येथे येण्याची मुभा त्यात नमूद आहे. करारासोबत त्याच दिवशी पत्रांची देवघेव झाली. यातुंग व ग्यान्त्से येथील भारतीय लष्करी पथके सहा महिन्यांत काढून घेणे, टपाल-तारयंत्रणा व बारा विश्रामगृहे चीनच्या स्वाधीन करणे या गोष्टी त्या पत्रांत आहेत. तत्त्वे प्रस्तावनेत आणि देणे-घेणे पत्रांत, अशी ही रचना आहे. जो केवळ प्रस्तावना वाचील त्याला करार कळणार नाही.

आता शब्दाविषयी. इंडोनेशियाचे सुकर्णो यांनी १ जून १९४५ रोजी आपल्या राष्ट्राची पाच तत्त्वे ‘पंचशील’ या नावाने मांडली होती. त्यावरून पंडित नेहरूंना हे नाव सुचले असे सांगितले जाते. ते कसेही असो. २६ ऑगस्ट १९५४ च्या कार्यवृत्तात हा शब्द बाबासाहेबांच्या तोंडी आहे. अर्थात करारानंतर चार महिन्यांच्या आत तो सभागृहाच्या परिचयाचा झाला होता. या शब्दाची जन्मतिथी शोधणाऱ्याने या दिवसाच्या अलीकडे थांबून चालणार नाही.

त्या दिवशी बाबासाहेबांनी आक्षेप घेतला तो असा : पंचशील हा बौद्ध धम्माचा गाभा आहे, माओंची त्यावर किंचितही श्रद्धा असती, तर स्वतःच्या देशातील बौद्धांना त्यांनी वेगळे वागविले असते, राजकारणात पंचशीलाला स्थान नाही. हे वाक्चातुर्य नव्हे. पालि परंपरेतील पञ्चसील आणि कराराची प्रस्तावना शेजारी ठेवून पाहावी. उपासक जे ग्रहण करतो ते ‘सिक्खापद’, आणि ‘समादियामि’ हे क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनी आहे. मी विरत होतो. समोरचा विरत होतो की नाही, यावर माझे शील अवलंबून नाही. कराराच्या पाच तत्त्वांपैकी पहिल्या चारांत ‘परस्पर’ हा शब्द आहे : प्रादेशिक अखंडता व सार्वभौमत्व यांविषयी परस्पर आदर, परस्पर अनाक्रमण, परस्परांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे, समता व परस्पर लाभ. पाचवे शांततामय सहजीवन. दोघांनी पाळले तरच जे टिकते त्याला करार म्हणतात, शील म्हणत नाहीत; आणि या कराराची मुदत तर आठ वर्षांची होती. शीलाला मुदत नसते. (राज्याराज्यांतील व्यवहाराचे बौद्ध प्रतिपादन कोणास हवेच असेल, तर त्याने महापरिनिब्बानसुत्तातील वस्सकार ब्राह्मणाचा प्रसंग वाचावा. वज्जींना युद्धाने जिंकता येणार नाही, ‘उपलापन’ व ‘मिथुभेद’ हेच उपाय उरतात, असा निष्कर्ष घेऊन मगधाचा तो महामात्य परततो.)

भाषणाचा दुसरा भाग तिबेटविषयी आहे. ल्हासा चीनच्या हाती जाऊ दिल्याने चीनची सीमा भारताच्या सीमेला येऊन भिडली, ही त्यांची तक्रार होती. येथे १९५९ च्या श्वेतपत्रिकेचे महत्त्व लक्षात येते. भारत व चीन यांच्यातील पत्रव्यवहाराची ही पहिली श्वेतपत्रिका परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर १९५९ मध्ये प्रसिद्ध केली; पुढील दशकात तिचे आणखी भाग निघाले. तीत १७ जुलै १९५४ ची एक चिनी टिपणी आहे. सशस्त्र भारतीय सैनिक नीती खिंड ओलांडून वू-जे येथे शिरले, अशी तीत तक्रार आहे. वू-जे म्हणजे आपण ज्याला बाराहोती म्हणतो ते गढवालच्या सीमेवरील कुरण. तक्रारीला आधार घेतला आहे तो अनाक्रमण व सहजीवन याच तत्त्वांचा! कराराला तीन महिनेही झाले नव्हते. बाबासाहेब राज्यसभेत उभे राहिले तेव्हा ही टिपणी सरकार-दरबारी येऊन पडलेली होती. ती प्रसिद्ध झाली पाच वर्षांनी. तोवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन गेले होते. ‘बाबासाहेबांनी १९६२ चे भाकीत केले’ असे म्हणण्यापेक्षा, जी माहिती सरकारजवळ होती व सभागृहाजवळ नव्हती तिच्यावाचूनही त्यांनी धोका ओळखला, असे म्हणणे अधिक खरे आणि अधिक मोलाचे आहे.

राज्यसभेची १९५२ पासूनची कार्यवृत्ते त्या सभागृहाच्या संगणकीय संग्रहात आहेत, लोकसभेची संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात. शब्द टाकून शोधण्यापेक्षा तारखेने शोधावे. जुन्या छपाईची अक्षरे यंत्राला नीट वाचता येत नाहीत. शिवाय ‘पंचशील’चे रोमन लेखन तेव्हा एकसारखे नव्हते, आणि बीजिंग शोधणाऱ्याला पेकिंग सापडत नाही. भाषणाचा पाठ महाराष्ट्र शासनाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पंधराव्या खंडातही आहे. ही ग्रंथमाला परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही उपलब्ध आहे. ज्या खात्याच्या धोरणावर बाबासाहेबांनी कोरडे ओढले, त्याच खात्याने त्यांचे ग्रंथ जगापुढे ठेवावेत, यात एक न्याय आहे.

मात्र शासकीय दप्तरात सर्व काही असते असे समजू नये. मंत्रिमंडळाचा राजीनामा दिल्यानंतरचे १० ऑक्टोबर १९५१ चे निवेदन बाबासाहेबांना सभागृहात वाचू दिले गेले नाही. प्रत अगोदर देण्याचा आग्रह झाला, तेव्हा ते सभागृहाबाहेर पडले व निवेदन वृत्तपत्रांकडे गेले. म्हणून ते संसदेच्या कार्यवृत्तात शोधून मिळणार नाही. परराष्ट्र धोरणावरील त्यांच्या असंतोषाची सर्वांत स्पष्ट मांडणी मात्र तेथेच आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी जगात आपले वाईट चिंतणारा कोणी नव्हता, चार वर्षांत मित्र उरले नाहीत, आणि ३५० कोटींच्या वार्षिक उत्पन्नातून सुमारे १८० कोटी रुपये सैन्यावर खर्च होत आहेत, असा हिशेब त्यांनी मांडला होता.

एक काम अद्याप करण्याजोगे आहे. १९५४ च्या भाषणात आग्नेय आशियाई संरक्षण संघटनेचाही विचार आहे. तिचा करार ८ सप्टेंबर १९५४ रोजी मनिला येथे झाला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १८६१ पासून आपल्या राजनैतिक पत्रव्यवहाराचे खंड प्रसिद्ध केले आहेत व त्यांतील बहुतेक आज कोणालाही वाचता येतात. १९५२-५४ च्या मालिकेत दक्षिण आशियासाठी अकरावा आणि पूर्व आशियासाठी बारावा खंड पाहावा. हे दोन खंड, आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वरील परराष्ट्र मंत्रालयाच्या संचिका आणि पंधरावा खंड असे तिन्ही एकत्र ठेवून त्या भाषणाची सटीप मराठी आवृत्ती तयार करता येईल. पालि किंवा इतिहास घेऊन पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या दोघा-तिघांनी मिळून ती हाती घ्यावी. वर्षभरात ती पुरी व्हावी, असा आमचा अंदाज आहे.