रस्त्यावर उभी असलेली गाडी

बऱ्याच दिवसांपासून एका खटल्याबद्दल लिहायचं मनात होतं. यात खून नाही, इस्टेटीचं भांडण नाही, कोणी बडी असामीही नाही. आहे ती एका माणसाची गाडी, तिच्या रंगावर पडलेले डाग आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आणि तह आठवतात, पण मला हल्ली असल्या बारक्यासारक्या भांडणांचा इतिहास जास्त आवडू लागलाय. वयाचा परिणाम असेल.

लंडनच्या पश्चिमेला फुलममध्ये, टेम्सच्या काठाजवळ, रेनव्हिल रोड नावाचा रस्ता आहे. १९५०च्या दशकात या रस्त्याच्या एका बाजूला साधी राहती घरं होती आणि समोर एस्सो कंपनीचा तेलाचा डेपो. नगररचनेच्या नकाशात घरांची बाजू निवासी आणि डेपोची बाजू औद्योगिक अशी रीतसर नोंदलेली होती. मध्ये फक्त रस्ता. डोंबिवली, अंबरनाथ, तुर्भे, चिंचवड असल्या ठिकाणी राहिलेल्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

जड इंधनतेल थंडीत घट्ट होतं, पंपातून वाहत नाही. म्हणून डेपोत बॉयलर होते. वाफ करायची आणि त्या वाफेनं तेल गरम ठेवायचं. बॉयलरची धुराडी धातूची. आता इंधनतेलात गंधक असतंच. ते जळून वायू होतो, त्यातला काही भाग पाण्याच्या वाफेशी मिळून गंधकाम्ल बनतो आणि धुराड्याचा पत्रा थंड असेल तर आतून त्याचं दव धरतं. या आम्लाच्या दवात काजळी भिजते, तिचे गोळे धुराड्याच्या आतल्या अंगाला चिकटून राहतात आणि कधीतरी सुटून धुराबरोबर वर येतात. जड असल्यामुळे ते फार लांब उडत नाहीत, जवळच पडतात. म्हणजे शेजाऱ्याच्या डोक्यावर! साध्या राखेचा कण फुंकर मारली की उडतो. हा कण चिकटतो आणि कपडा असो की गाडीचा रंग, खात बसतो.

हॅल्सी नावाच्या रहिवाशाच्या बाबतीत नेमकं हेच होत होतं. वाळत घातलेले कपडे खराब होत होते आणि घरासमोर रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीच्या रंगावर डाग पडत होते. वर तेलाचा मळमळ आणणारा वास, आणि रात्रपाळीला बॉयलरची घरघर नि टँकरची ये-जा. शेवटी त्यांनी कंपनीला कोर्टात खेचलं. १९६१ साली न्यायमूर्ती वील यांनी निकाल दिला. हॅल्सी विरुद्ध एस्सो पेट्रोलियम या नावानं तो कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासाला असतो.

वास, आवाज आणि डाग या तिन्ही बाबतींत हॅल्सी जिंकले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतल्या आवाजाला मनाई हुकूम मिळाला आणि नुकसानभरपाईही मिळाली. पण माझा जीव अडकलाय तो गाडीच्या मुद्द्यात.

तो समजायला थोडं मागं जावं लागेल. इंग्लंडात 'खाजगी उपद्रव' हा दावा जमिनीशी बांधलेला आहे. तुमच्या घराचा, अंगणाचा उपभोग कोणी बिघडवला तर तुम्ही दाद मागायची. याच दाव्याखाली १८६५ साली टिपिंग नावाच्या गृहस्थांचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला होता. त्यांनी सेंट हेलेन्सजवळ १८६० मध्ये मोठी इस्टेट घेतली आणि दीडेक मैलावरच्या तांबं गाळणाऱ्या कारखान्याच्या धुरानं त्यांची झाडं जळायला लागली. कंपनी म्हणाली, हा सगळा मुलूखच कारखान्यांचा आहे, इथं धूर असणारच. लॉर्डांनी त्यावर फार महत्त्वाचा फरक केला. वास, आवाज, गैरसोय यांचा निवाडा करताना परिसर कसा आहे ते बघावं लागेल. पण मालमत्तेचं प्रत्यक्ष, डोळ्यांना दिसणारं नुकसान झालं असेल, तर 'आमचा भागच तसला' ही सबब चालणार नाही. टिपिंगना ३६१ पौंड १८ शिलिंग साडेचार पेन्स मिळाले. (तो अर्धा पेन्स कुठल्या झाडाचा असेल, असा विचार माझ्या मनात दर वेळी येतो.)

टिपिंग काही गरीब बिचारे नव्हते, ते स्वतःच गिरणीमालक होते. तीन वर्षांनी, १८६८ साली, याच दरबारी रायलँड्स विरुद्ध फ्लेचरचा निकाल लागला, तिथंही एका बाजूला गिरणीमालक आणि दुसऱ्या बाजूला कोळशाच्या खाणीवाला. रायलँड्सच्या नव्या तलावाचं पाणी १८६० च्या डिसेंबरमध्ये फुटून फ्लेचरच्या खाणीत शिरलं होतं. रायलँड्सनं चांगले कंत्राटदार नेमले होते, त्याची स्वतःची चूक काही नव्हती. तरीही ठरलं असं, की सुटल्यावर घात करील अशी वस्तू जो आपल्या जागेत आणून साठवतो, त्यानंच ती सुटल्याचं मोल द्यायचं. मँचेस्टरची प्रसिद्ध जॉन रायलँड्स लायब्ररी याच गिरणीमालकाच्या नावाची, त्याच्या विधवेनं उभारलेली. पण वकिलांना रायलँड्स म्हटलं की ग्रंथ आठवत नाहीत, तलाव आठवतो.

असो. तर हॅल्सींच्या कपड्यांचं सोपं होतं. कपडे त्यांच्याच आवारात वाळत होते, म्हणजे खाजगी उपद्रव. गाडीचं काय? गाडी तर सार्वजनिक रस्त्यावर उभी. तो रस्ता त्यांच्या मालकीचा नाही. मग जमिनीशी बांधलेला दावा तिला कसा लागू व्हावा?

न्यायाधीशांनी काढलेला मार्ग मला फार आवडतो. ते म्हणाले, रस्ता सगळ्यांचा आहे, म्हणून त्यावर आम्ल पडणं हा 'सार्वजनिक उपद्रव' आहे, आणि त्यात ज्याचं स्वतःचं वेगळं नुकसान झालं तो भरपाई मागू शकतो. शिवाय रायलँड्सचं तत्त्व कपड्यांना आणि गाडीला, दोघांनाही लावलं. थोडक्यात, गाडी रस्त्यावर उभी होती म्हणून हॅल्सींचा हक्क गेला नाही. तो दुसऱ्या दारातून आत आला, एवढंच.

हे वाचताना मला आमच्या बाबांची पांढरी पद्मिनी दिसत होती. आत्या, तुला आठवत असेल. नव्वदच्या दशकात आम्ही डोंबिवलीला एमआयडीसीच्या निवासी भागात राहायचो. गल्लीच्या टोकाला एक रसायनांचा कारखाना होता, नाव घेत नाही. एका सकाळी गाडीच्या टपावर, बॉनेटवर तपकिरी ठिपके. पुसले तर खाली रंग फुगलेला. बाबांनी दोन पानी अर्ज लिहिला (त्यांच्या अर्जांना 'सविनय' असायचं आणि धारही असायची) आणि मला बरोबर घेऊन गेले. मॅनेजरनं चहा पाजला. मग म्हणाला, "साहेब, झाडाचा चीक असेल. आणि गाडी रस्त्यावर लावली होती ना? मग आमचा काय संबंध?"

त्या दुसऱ्या वाक्यावर बाबा गप्प झाले. मुकाट्यानं स्वखर्चानं रंग काढून घेतला. नवा पांढरा जुन्या पांढऱ्याशी जुळला नाही, त्यामुळे गाडी विकेपर्यंत बॉनेट वेगळंच दिसायचं.

'रस्त्यावर लावली होती ना?' हा प्रश्न इतका बिनतोड वाटतो, की ऐकणाऱ्यालाच अपराधी वाटायला लागतं. जणू रस्त्यावर उभी केलेली वस्तू म्हणजे सोडून दिलेली वस्तू. पण त्याचं उत्तर फुलमच्या एका रहिवाशानं १९६१ सालीच मिळवून ठेवलं होतं. इंग्लंडात पुढे त्यातला एक पाय लंगडा झाला हेही सांगायला हवं. १९९७चा कॅनरी व्हार्फचा आणि २००३चा ट्रान्स्कोचा, अशा हाउस ऑफ लॉर्ड्सच्या दोन निकालांनंतर, रायलँड्सखाली दाद मागायची तर जमिनीत काही हक्क हवा असं मानलं जातं. म्हणजे रस्त्यावरच्या गाडीला तो आधार आता तिथं कच्चा. सार्वजनिक उपद्रवाचा पाय मात्र शाबूत आहे.

आपल्याकडे उलट झालं. रायलँड्स आपल्याला इंग्रजांकडून वारशात मिळाला, त्याच्या अपवादांसकट. दैवी कोप, तिऱ्हाइताची करणी, तक्रारदाराचाच दोष, अशी ती यादी. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ झालं. साधारण एका वर्षानं, ४ डिसेंबर १९८५ ला, दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियम वायू सुटला. तीस हजारी कोर्टातल्या एका वकिलाचा त्यात मृत्यू झाल्याचं सर्वोच्च न्यायालयापुढे सांगण्यात आलं. एम. सी. मेहता यांची त्या कारखान्याबद्दलची याचिका तिथं आधीच चालू होती. २० डिसेंबर १९८६ ला सरन्यायाधीश भगवतींच्या खंडपीठानं सांगितलं, की एकोणिसाव्या शतकातला हा नियम आम्हाला पुरेसा नाही. घातक उद्योग करणाऱ्याची जबाबदारी पूर्ण, तिला अपवाद नाहीत. कंपनी जितकी मोठी, तितकी भरपाई मोठी.

फार मोठा निकाल आहे, वाचताना अंगावर काटा येतो. पण त्याच निकालात, प्रत्यक्ष कोणाला किती द्यायचं ते मात्र ठरलं नाही. लोकांच्या वतीनं खालच्या कोर्टात दावे दाखल करावेत असं दिल्लीच्या कायदेशीर मदत मंडळाला सांगून तो विषय तिथं थांबला. तत्त्व आभाळाएवढं आणि पावती अजून फाडायचीच आहे, अशातली गत.

पावतीसाठी १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. घातक रसायनं हाताळणाऱ्यानं विमा काढायचा. अपघात झाला तर पाच वर्षांच्या आत कलेक्टरकडे अर्ज करायचा, कंपनीची चूक सिद्ध करायची गरज नाही. खाजगी मालमत्तेच्या नुकसानीसाठी मूळ परिशिष्टात आकडा होता जास्तीत जास्त ६,००० रुपये. हसू नका, १९९१ साली त्यात पद्मिनीचं बॉनेट रंगवून निघालं असतं! शिवाय हा तात्पुरता दिलासा आहे. त्याहून जास्त मागायचा हक्क कायद्यानं मोकळा ठेवलाय. २०१० च्या कायद्यानं हरित लवाद आला, पश्चिम भारतासाठी त्याचं पीठ पुण्याला आहे. तिथंही मालमत्तेच्या नुकसानीबद्दल पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो, आणि तिथंही चूक सिद्ध करावी लागत नाही.

मग रोजची माणसं तिथपर्यंत का पोचत नाहीत? डोंबिवलीनं २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पाहिला, २०२० च्या फेब्रुवारीत गुलाबी रस्ता पाहिला. दोन्ही वेळा फोटो सगळीकडे फिरले. २६ मे २०१६ च्या स्फोटानंतर घरांचे पंचनामे झाले आणि लोक भरपाईसाठी वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. मला वाटतं अडचण कायद्यापेक्षा पुराव्याची आहे, आणि चिकाटीची. 'झाडाचा चीक असेल' या वाक्याला उत्तर द्यायला काहीतरी हातात लागतं. हॅल्सींची बाजू भक्कम होती, कारण कपडे आणि गाडी या दोन अगदी वेगळ्या वस्तूंचं नुकसान एकाच प्रकारच्या कणांनी होत होतं. झाड गाडीवर चीक टाकील, गच्चीवरच्या चादरीवर कसा टाकणार?

आमच्या गल्लीतही त्या सकाळी चादरींवर ठिपके होते. आईनं आणि समोरच्या काकूंनी त्या साबणात भिजवल्या आणि डाग निघत नाहीत म्हणून पायपुसणी केली. चादरी घेऊन बाबांबरोबर जावं हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण गाडी हा पुरुषांचा विषय आणि चादरी बायकांचा. पुरावा दोन खात्यांत वाटला गेला.

गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीच्या गाडीवर असेच ठिपके पडले, गाव वेगळं, कारखाना वेगळा. तिला मी हा सगळा इतिहास फोनवर ऐकवला, बिचारीनं ऐकून घेतला. मग तिनं गाडी धुतली नाही. त्याच दिवशी तारीख दिसेल असे फोटो काढले, टपावरचे कण स्वच्छ डबीत भरले, कुंड्यांची पानं आणि शेजारच्या तीन गाड्या यांचेही फोटो घेतले. शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवलं आणि पोच घेतली. गॅरेजवाल्याकडून 'रंग आम्लानं खाल्ला आहे' असं लेटरहेडवर लिहून घेतलं, सोबत खर्चाचा अंदाज. नवरा म्हणत होता, इतकं कशाला, आपल्या विम्यातून घेऊ. तिनं हिशोब मांडून दाखवला, की त्यात नो क्लेम बोनस जाणार, म्हणजे कारखान्याचं बिल हप्त्याहप्त्यानं आपणच भरायचं.

कारखान्यात तिलाही चहा मिळाला आणि तोच प्रश्न मिळाला, गाडी रस्त्यावर होती ना? ती म्हणाली, "हो. रस्ता तुमचाही नाही." आणि डबी टेबलावर ठेवली. तिथल्या साहेबांनी कागद दोनदा वाचले. तीन आठवड्यांनी रंगकामाचा चेक आला, चौघांचा. सोबतच्या पत्रात 'केवळ शेजारधर्म म्हणून, कोणतीही जबाबदारी मान्य न करता' असं लिहिलेलं होतं. ते पत्र तिनं फाईलला लावून ठेवलंय.