पेशीविज्ञानातील जस्त-निष्कासक रसायनांची निवड : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
जस्त हा सजीवांना अल्प प्रमाणात, परंतु अनिवार्यपणे लागणारा धातू आहे. १८६९ मध्ये ज्यूल रोलाँ यांनी बुरशीच्या वाढीस जस्त आवश्यक असल्याचे दाखविले, तर १९४० च्या सुमारास कीलिन व मान यांनी कार्बोनिक अनहायड्रेज या विकरात जस्त असल्याचे सिद्ध केले. जस्ताचे कार्य जाणण्यासाठी ते काढून घेऊन काय बिघडते ते पाहणे, हा सरळ मार्ग होय. त्यासाठी धातूचे आयन पकडून ठेवणारी रसायने, म्हणजेच चिलेटर, वापरली जातात. त्यांच्या निवडीचे निकष कसे घडत गेले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ईडीटीए आणि कॅल्शियमचा प्रश्न :
फर्डिनांड म्युंझ यांनी १९३० च्या दशकात तयार केलेले ईडीटीए कॅल्शियमपेक्षा जस्ताला सुमारे सहा लाख पट घट्ट धरते. तथापि, पेशीबाहेरील द्रवात कॅल्शियमच विपुल असल्याने प्रथम तेच बांधले जाते व पेशी एकमेकींपासून सुटतात. हा परिणाम जस्ताच्या अभावाचा समजला गेल्यास निष्कर्ष चुकतो. त्यावर उपाय म्हणून कॅल्शियमने आधीच संपृक्त केलेले ईडीटीए वापरात आले. ते कॅल्शियम सोडून जस्त घेते. १९९६ मध्ये को, चॉई व सहकाऱ्यांनी ते उंदरांच्या मेंदूत दिले असता, रक्तपुरवठा तात्पुरता खंडित झाल्यानंतर होणारा चेतापेशींचा नाश कमी झाला. मात्र विद्युतभारित असल्याने ईडीटीए पेशीपटल सहजी ओलांडत नाही.

टीपेनचा उदय :
ही मर्यादा टीपेनने दूर केली. १९८५ मध्ये अर्सलान, त्सिएन, पोझ्झान व सहकाऱ्यांनी त्याचा उपयोग केला, तो जस्ताच्या अभ्यासासाठी नव्हे. काही कर्कपेशींत कॅल्शियम कमी भासत होते. प्रत्यक्षात पेशींतील जड धातू कॅल्शियम मोजणाऱ्या रंजकाची चमक मंदावत होते. टीपेनने ते धातू बांधताच कॅल्शियमची पातळी सामान्य असल्याचे स्पष्ट झाले. पुढे १९९३ मध्ये टीपेनमुळे थायमस ग्रंथीतील पेशींचा नियोजित मृत्यू घडतो, असे आढळले.

परंतु टीपेन लोहालाही बांधते आणि तांब्याला तर जस्ताहून घट्ट धरते. म्हणून टीपेनसोबत जस्त देऊन परिणाम उलटतो का, हे तपासण्याची प्रथा रूढ झाली. हा पुरावाही पूर्ण नव्हे. कारण जोडलेले जस्त टीपेनलाच व्यापून टाकते व त्यामुळे लोहावरील परिणामही थांबू शकतो.

निष्कर्ष :
बंधनाची ताकद हा निवडीचा एकमेव निकष ठरत नाही. रसायन पेशीच्या आत जाते की बाहेर राहते आणि जस्ताखेरीज आणखी काय हिरावून घेते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पेशी मेली म्हणजे ती जस्ताअभावीच मेली, असे म्हणण्यापूर्वी वेगळ्या रचनेच्या दुसऱ्या चिलेटरने तोच परिणाम मिळतो का, हे पाहणे आवश्यक ठरते.