देवावर फिर्याद

आपल्या जुन्या दप्तरांत पीक बुडाले की ‘अस्मानी’ लिहीत आणि फौज येऊन गाव लुटून गेली की ‘सुलतानी’. इंग्रजांच्या कायद्यातही हीच जोडी आढळते. भाड्याने माल वाहणारा गाडीवान मालाच्या प्रत्येक नुकसानीस जबाबदार. अपवाद दोनच, ईश्वराची करणी आणि राजाचे शत्रू. १७८५ साली ‘फॉरवर्ड विरुद्ध पिटार्ड’ या खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी ईश्वराच्या करणीचा अर्थ सांगितला, तो एवढाच की, जे माणसाच्या हातून घडले नाही ते. त्या खटल्यातील आग काही विजेने लागली नव्हती. म्हणून बिचाऱ्या गाडीवानास भरपाई द्यावी लागली. आमच्या कारकुनांनी आभाळाचे नाव घेतले, त्यांच्या कायदेपंडितांनी देवाचे घेतले. आणि ते नाव पुढे विमा कंपन्यांच्या करारपत्रांत बारीक अक्षरांत जाऊन बसले.

या एका शब्दाच्या निवडीतून २००१ साली ऑस्ट्रेलियात एक मोठा गमतीचा चित्रपट निर्माण झाला. त्याचे नाव ‘द मॅन हू सूड गॉड’, म्हणजे देवावर दावा लावणारा माणूस. दिग्दर्शक मार्क जॉफ. आपल्याकडे त्याचा उल्लेख क्वचितच कानी येतो. स्टीव्ह मायर्स नावाचा एक वकील आपल्या धंद्याला विटून मासेमारी करू लागतो. (हा भाग आम्हां वकिलांस अगदीच अद्भुत वाटत नाही.) एके दिवशी त्याच्या बोटीवर वीज पडून ती नष्ट होते. विमा कंपनी म्हणते, ही ईश्वराची करणी, आमच्याकडे मागू नका. स्टीव्ह तो शब्द अक्षरशः खरा धरतो. करणी ज्याची, भरपाई त्याने द्यावी. तो सापडत नसेल तर त्याच्या नावाने मालमत्ता बाळगणाऱ्या आणि स्वतःस त्याचे प्रतिनिधी म्हणविणाऱ्या धर्मसंस्थांनी द्यावी. मालकाच्या कृत्याबद्दल मुखत्यारास गाठावे, तसाच हा प्रकार. धर्मगुरूंची जी कोंडी होते तीत चित्रपटाचे सारे हास्य आहे. वीज देवाने पाडली म्हणावे तर पैसे मोजा. पाडली नाही म्हणावे तर विमा कंपनीचे कलम खोटे. आणि आम्ही त्याचे प्रतिनिधीच नव्हे म्हणावे, तर रविवारी कोणाच्या नावाने बोलता?

स्टीव्हची भूमिका बिली कॉनली याने केली आहे. १९४२ साली ग्लासगोत जन्मलेला हा गृहस्थ क्लाइड नदीवरच्या गोद्यांत वेल्डरचे काम करी. पुढे तो लोकगीते गाऊ लागला. दोन गाण्यांच्या मधले त्याचे बोलणे वाढत गेले आणि अखेर बोलणेच उरले. रंगमंचावर एकट्याने उभे राहून दोन-दोन तास लोकांस हसविणारा हा नट. त्याच्या बोलण्यात विषयांतराला फाटे फुटतात, आणि मूळ गोष्ट हरवली असे वाटते न वाटते तोच ती परत येते. ख्रिस्ताचे शेवटचे भोजन ग्लासगोच्या गॅलोगेट वस्तीतील एका गुत्त्यात घडल्याचे त्याचे कथन १९७० नंतरच्या काही वर्षांत इतके गाजले की, धर्मोपदेशकांनी त्याच्या विरोधात निदर्शने केली. ही हकीकत ठाऊक असली म्हणजे कोर्टात पाद्र्यांसमोर उभा असलेला स्टीव्ह पाहताना दुप्पट मौज येते. कॉनली येथे विनोद सांगत नाही, रागावतो. आणि त्याच्या रागातूनच हसू फुटते. वृत्तपत्रातील स्त्रीशी जुळणारे त्याचे प्रेमप्रकरण मात्र नेहमीच्या साच्यातले वाटते. जूडी डेव्हिससारखी समर्थ नटी असूनही तेथे कथा रेंगाळते. शेवट येथे सांगत नाही; तो पाहण्याचा आहे.

कल्पना अतिरंजित म्हणावी, तर २००७ साली अमेरिकेतील नेब्रास्काचे सिनेटर अर्नी चेंबर्स यांनी खरोखरच देवावर दावा दाखल केला. क्षुल्लक दाव्यांनाही न्यायालयाचे दार बंद करू नये, हे त्यांस दाखवावयाचे होते. २००८ साली न्यायाधीशांनी तो काढून टाकला, कारण प्रतिवादीस समन्स बजावण्यास पत्ता नाही. चेंबर्स यांचे म्हणणे असे की, देव सर्वज्ञ आहे, तेव्हा दाव्याची वार्ता त्यास पोहोचलेलीच आहे!

आपल्याकडे २०१२ च्या ‘ओह माय गॉड’ या हिंदी चित्रपटात परेश रावळ यांच्या दुकानाची तीच गत भूकंपाने होते. तो चित्रपट एका गुजराती नाटकावरून घेतला होता. परंतु ही कथा हिंदुस्थानात आणली की, एक अडचण उभी राहते. तिकडे देव न्यायालयात कोणीच नाही, म्हणून त्याला प्रतिवादी करण्यात विनोद. आपल्या कायद्यात देव हा नित्याचा पक्षकार आहे. डाकोरच्या रणछोडरायाच्या सेवकांनी देवापुढचे उत्पन्न आपलेच मानले, तेव्हा १८८७ साली मनोहर गणेश तांबेकर यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने ठरविले की, मूर्तीस कायद्याने व्यक्तित्व आहे आणि सेवकांनी हिशेब दिला पाहिजे. वडोदऱ्याचा तांबेकर वाडा पाहिलेल्यांस हे आडनाव परिचयाचे असेल. अयोध्येच्या प्रकरणात, ज्याचा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली निकाल दिला, रामलल्ला विराजमान हे स्वतः वादी होते. ज्याची सर्वज्ञ म्हणून पूजा करावी त्यास कायदा बहुतेक बाबतींत ‘अज्ञान’ पाल्याप्रमाणे वागवितो. त्याच्या वतीने दुसऱ्याने बोलावे लागते.

ते कोणी बोलावे, यावर कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याचा तंटा १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. कुलदेवता कोणत्या घरी राहावी, हा वाद. न्यायाधीशांनी सांगितले की, देवतेची इच्छाही विचारात घ्यावी, आणि ती मांडण्यास भांडणाऱ्या भाऊबंदांपैकी नव्हे, ज्याचा त्यात काडीचा स्वार्थ नाही असा मित्र नेमावा. स्टीव्हने धर्मगुरूंना विचारलेला प्रश्न येथे न्यायासनावरून विचारला गेला, आणि कोणी हसले नाही.

गोव्यात तर स्टीव्हला पत्ताही शोधावा लागला नसता. १९३३ च्या देवस्थान नियमावलीप्रमाणे महाजन आपली समिती निवडतात आणि तीत एक मुखत्यार असतो. देवाच्या नावाचे समन्स तोच सही करून घेतो.